बेसमेंटला गरम हवेचा व्हेंट जोडताना

उत्तर अमेरिकेतल्या कितीतरी घरांत फर्नेस (घर तापवणारी भट्टी) बेसमेंटमध्येच बसवलेली असते आणि तरीही हिवाळ्यात घरातली सगळ्यात गारठलेली जागा तीच असते. कारण साधं आहे. फर्नेसमधून निघालेली गरम हवा पत्र्याच्या मुख्य डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळातून, थेट वरच्या मजल्यांकडे जाते. थर्मोस्टॅटही वरच. वर हवं तेवढं तापमान झालं की फर्नेस थांबते आणि खाली काय चाललंय हे तिला कळतही नाही. डक्टच्या सांध्यांतून गळणारी हवा आणि तापलेल्या पत्र्याची ऊब, एवढंच बेसमेंटच्या वाट्याला येतं. खाली ड्रायवॉलचं (जिप्समच्या पाट्यांचं) छत घातलं की तीही वर अडकते.

नवा व्हेंट जोडणं हे हातात कसब असलेल्या कुणालाही जमणारं काम आहे. पत्र्याला भोक पाडून पाइप जोडायला फार तर एक दुपार जाते. पण पत्र्याला कात्री लावण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत: ही हवा कुणाच्या वाट्यातून कमी होणार, आणि खोलीत आलेली हवा परत फर्नेसपर्यंत कशी जाणार? व्हेंट जोडूनही खोली गार राहते तेव्हा दोष बहुधा या दोन प्रश्नांत असतो, पाइपात नसतो.

आधी थंडी कुठून येते ते बघा

पायाच्या भिंतीच्या माथ्यावर, जिथे वरच्या मजल्याचे जॉइस्ट (आडव्या लाकडी तुळया) बाहेरच्या फळीला टेकतात, तो रिम जॉइस्टचा पट्टा तपासा. वारा सुटलेल्या दिवशी तिथून हळूहळू हाताची मागची बाजू फिरवा. जुन्या घरांत बोटांना गार झोत लागतोच. हा पट्टा 2 इंच जाडीच्या कडक फोमचे तुकडे कापून भरला आणि कडा स्प्रे फोमने बंद केल्या, तर साधारण आर-10 इतकी रोधकता मिळते (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप). त्याच्या खालची 8 इंच काँक्रीटची उघडी भिंत जेमतेम आर-1च्या आसपास असते, म्हणजे ती जवळपास खिडकीच्या एकपदरी काचेच्या पंगतीतली. माझं मत विचाराल तर फोमचं हे काम व्हेंटच्या आधी करावं. कधीकधी त्यानंतर व्हेंटची गरजच उरत नाही. फोम उघडा ठेवायला काही ठिकाणी परवानगी नसते, वरून ड्रायवॉलसारखं आच्छादन लागतं. तेवढं आधी विचारून घ्या.

ओल असेल तर तीही आधी निपटा. दोन फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर किंवा फरशीवर चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. थेंब प्लॅस्टिकच्या मागे जमले तर ओल काँक्रीटमधून येते आहे. खोलीच्या बाजूने जमले तर खोलीतली हवाच दमट आहे. ओल्या भिंतीसमोर गरम हवा सोडून ती कोरडी होईल, ही आशा बुरशीच्या फायद्याची ठरते.

एक व्हेंट पुरेल का?

याचा हिशेब वाटतो तितका अवघड नाही. 6 इंच व्यासाच्या गोल पाइपातून, बरी रचना असेल तर, मिनिटाला साधारण 100 घनफूट हवा वाहते. याला सीएफएम म्हणतात. 5 इंची पाइपातून 60च्या आसपास, 7 इंचीतून 150च्या आसपास. आता सूत्र: हवेचे सीएफएम गुणिले तापमानातला फरक गुणिले 1.08 म्हणजे तासाला मिळणारे बीटीयू (उष्णतेचं एकक). रजिस्टरमधून (व्हेंटच्या तोंडावरच्या जाळीतून) 120 अंश फॅरेनहाइटची हवा येते आणि खोली 70वर ठेवायची आहे असं धरलं, तर 100 × 50 × 1.08 = 5,400 बीटीयू.

हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण 1,500 वॅटचा इलेक्ट्रिक स्पेस हीटर तासाला साधारण 5,100 बीटीयू देतो. म्हणजे 6 इंची एक व्हेंट आणि असा एक हीटर जवळपास तुल्यबळ, पण फर्नेस चालू असते तेवढाच वेळ. यातून एक फुकटची चाचणी करता येते. कडक थंडीच्या दिवशी त्या खोलीत थर्मोस्टॅट असलेला हीटर लावा आणि जवळ राहून बघा. हीटर अधूनमधून बंद होत खोली ऊबदार ठेवत असेल, तर एका व्हेंटने भागेल. तो अर्ध्याहून बराच जास्त वेळ चालत असेल, तर दोन लागतील. अखंड चालूनही खोली तापत नसेल, तर पुन्हा रिम जॉइस्टपाशी जा.

आता दुसरी बाजू. फर्नेसचा पंखा ठरावीकच हवा ढकलतो. चांगल्या अवस्थेतल्या घरगुती यंत्रणेत एखाददुसरा व्हेंट सहसा खपून जातो. तीन-चार जोडायचे असतील किंवा वरची एखादी खोली आत्ताच कुरकुरत असेल, तर मात्र माहीतगाराकडून मोजणी करून घ्या. खोलीला किती उष्णता लागते ते ‘मॅन्युअल जे’ आणि डक्ट केवढे हवेत ते ‘मॅन्युअल डी’ या अमेरिकेतल्या प्रमाण पद्धतींनी काढतात. तुम्ही स्वतः करायचं ते एवढंच: काम सुरू करण्याआधी वरच्या प्रत्येक खोलीतल्या व्हेंटच्या तोंडाशी थर्मामीटर धरून आकडे लिहून ठेवा, आणि झोत किती जोराचा आहे तेही. हा कागद शेवटी लागणार आहे.

हवा वाढवायचा स्वस्त मार्गही इथेच आहे. एनर्जी स्टार या अमेरिकी सरकारच्या ऊर्जाबचत कार्यक्रमाच्या अंदाजानुसार साधारण घरात डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी 20 ते 30 टक्के गळतीत जाते. बेसमेंटमधले उघडे सांधे बंद केले की वरच्या खोल्यांना जास्त हवा पोचते, आणि त्यातूनच तुमच्या नव्या व्हेंटचा वाटा निघतो. फिल्टरही नवा घाला. मळक्या फिल्टरवर केलेलं कुठलंही मोजमाप खोटं.

परतीची वाट आणि विषारी धूर

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी टाळू नका. सगळ्या लेखात जिवाशी गाठ आहे ती इथेच.

खोलीत 100 सीएफएम हवा येते तेव्हा तेवढीच बाहेर जायला हवी. दार बंद आणि परतीला वाट नाही, तर खोलीत दाब साठतो आणि व्हेंटमधून हवा यायचीच थांबते. दाराखाली 1 इंच फट ठेवली तर 30 इंची दारातून साधारण 50-60 सीएफएम हवा जाऊ शकते. एका व्हेंटला ती अपुरी पडते, म्हणून भिंतीत वर-खाली जाळ्या बसवून शेजारच्या मोकळ्या जागेशी वाट जोडा, किंवा स्वतंत्र रिटर्न डक्ट (हवा परत फर्नेसकडे नेणारा) घ्या. रिटर्नची जाळी फरशीजवळ ठेवा. थंड हवा खाली साठते आणि तीच उचलायची असते.

पण रिटर्न कुठेही काढता येत नाही. बेसमेंटमध्येच गॅसचा जुन्या पद्धतीचा वॉटर हीटर असेल, ज्याच्या डोक्यावर उघडं धुरांडं असतं, तर रिटर्न जाळी खोलीतली हवा ओढताना तो धूरही खाली ओढू शकते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. अमेरिकेतली निवासी बांधकाम नियमावली अशा उपकरणाच्या उघड्या ज्वालेपासून किंवा धुरांड्याच्या तोंडापासून त्याच जागेत 10 फुटांच्या आत रिटर्न घेऊ देत नाही. फर्नेसच्या खोलीत रिटर्न काढण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण तिथे पाइप सर्वांत आखूड लागतो. तो मोह आवरा.

काम झाल्यावर एक तपासणी करायचीच. खिडक्या-दारं बंद करा, बाथरूम-स्वयंपाकघरातले पंखे, कपड्यांचा ड्रायर आणि फर्नेसचा पंखा चालू करा, मग वॉटर हीटर पेटवा. पाच मिनिटांनी पेटती उदबत्ती धुरांड्याच्या तोंडाशी धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. तो बाहेर पसरला तर सगळं बंद करून गॅसच्या तंत्रज्ञाला बोलवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म खालीही हवा आणि झोपायच्या खोल्यांजवळही.

जाता जाता दोन गोष्टी. गॅरेजमध्ये व्हेंट काढू नका; घराच्या डक्टमधून गॅरेजला हवा देणं नियमात बसत नाही, आणि गाडीचा धूर घरात खेळवणं शहाणपणाचं नाही. दुसरं, बेसमेंटमध्ये कुणी रोज बसणार असेल तर रेडॉनची चाचणी करून घ्या. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, कारवाईची पातळी लिटरला 4 पिकोक्युरी ठरवली आहे.

जागा ठरवणं

व्हेंटचं तोंड शक्यतो बाहेरच्या भिंतीपाशी, खिडकीखाली आणि फरशीजवळ असावं. छतात व्हेंट ठेवणं सोपं, पण गरम हवा वरच तरंगते: डोकं तापतं आणि पाय गार राहतात. मुख्य डक्टच्या पोटालाच भोक पाडून जाळी स्क्रू करणं तर सगळ्यांत सोपं. गोदामवजा, दुरुस्तीच्या बाकड्याच्या जागेला ते चालून जातं. बसायच्या खोलीला नाही.

भिंतीत खाली उतरायचं असेल तर 3¼ × 10 इंच मापाचा चपटा डक्ट मिळतो. 2×4 मापाच्या लाकडांच्या भिंतीची पोकळी 3½ इंच खोल असते, तिच्यात तो नेमका बसतो, आणि 6 इंची गोल पाइपाइतकी हवा नेतो. मात्र ही पोकळी बाहेरच्या भिंतीची असेल तर डक्टच्या मागे इन्सुलेशनला जागा उरते का ते बघा. उरत नसेल तर आतल्या भिंतीतून उतरवा. बाहेरच्या काँक्रीटला टेकलेला गरम डक्ट अंगणातल्या मातीला ऊब देतो.

मुख्य डक्टवर नवा फाटा कुठे काढायचा याचेही संकेत आहेत. डक्टच्या बंद टोकापासून किमान 1 फूट आत, वळण किंवा डक्ट अरुंद होतो त्या जागेपासून साधारण 2 फूट पुढे, आणि शेजारच्या फाट्याला चिकटून नको. फर्नेसच्या डोक्यावरच्या पेटीला तर हातच लावू नका. एसी असेल तर त्याची कॉइल तिथेच असते, आणि ड्रिलचं एक टोक आत गेलं की कॉइल कामातून जाते.

पाइपाची वाट जॉइस्टांच्या मधून, त्यांना समांतर न्या. जॉइस्ट आडवे येत असतील तर पाइप त्यांच्या खालून घ्या आणि नंतर चौकट करून झाका. लाकडी जॉइस्टमध्ये उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं भोक चालत नाही. 2×10चा जॉइस्ट प्रत्यक्षात 9¼ इंच असतो, म्हणजे मर्यादा 3 इंचांच्या आसपास. 6 इंची पाइपाला त्यातून वाट नाही. प्रत्येक 90 अंशांच्या एल्बोचा अडथळा सुमारे 10 फूट सरळ पाइपाइतका असतो, तेव्हा दोन वळणांत भागत असेल तर तिसरं घेऊ नका.

कित्येक गावांत या कामाला परवाना लागतो. बांधकाम विभागाला एक फोन केला की कळतं, आणि घर विकताना हा कागद उपयोगी पडतो. जुन्या डक्टवर पांढुरकी, कागदासारखी पट्टी किंवा वेष्टण दिसलं, विशेषतः 1980च्या आधीच्या घरात, तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते खरवडू नका, कापू नका. आधी तपासून घ्या.

प्रत्यक्ष काम

6 इंची स्नॅप-लॉक पाइप, एल्बो, फाट्याची कॉलर (उभ्या-आडव्या कानांची), हँडलवाला डँपर (हवा कमी-जास्त करणारी झडप), बूट (गोल पाइप रजिस्टरला जोडणारा पत्र्याचा तुकडा), रजिस्टर, अर्धा इंची पत्र्याचे स्क्रू, लटकवायला पत्र्याची पट्टी, मॅस्टिक (सांधे बंद करायचा घट्ट लेप) आणि यूएल 181 हे डक्टसाठीचं प्रमाणचिन्ह छापलेली फॉइल टेप, एवढं सामान. हत्यारांत ड्रिल, हातोडी, मार्कर आणि पत्र्याच्या कात्र्या. कात्रीच्या मुठीचा रंग बघून घ्या: लाल मूठ डावीकडे वळत कापते, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ. जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. कापलेला पत्रा ब्लेडसारखा लागतो.

फर्नेस थर्मोस्टॅटवर बंद करा, मग तिच्याजवळच्या स्विचनेही. डक्टच्या त्या बाजूला वायर, गॅसचा पाइप किंवा पाण्याची नळी टेकलेली नाही ना ते चाचपून पाहा.

आता कॉलर डक्टवर धरून तिच्याभोवती मार्करने गोल काढा. कापायचं ते रेषेच्या किंचित आतून, कारण भोक मोठं झालं तर कॉलर सैल बसते आणि मग तिला मॅस्टिकही वाचवत नाही. वर्तुळाच्या मध्यावर जुना स्क्रूड्रायव्हर ठेवून हातोडीचा एक नेटका फटका मारा. कात्रीचं टोक जाईल एवढी चीर पडते. तिथून गोगलगायीसारखं वळत रेषेपर्यंत या आणि मग रेषेने फिरा. पत्रा आत वाकू लागला की घाई करू नका, दुसऱ्या रंगाची कात्री घेऊन उलट दिशेने या. कापलेली चकती डक्टमध्ये पडू देऊ नका. पडली तर ती पंखा लागला की आत खडखडत राहील.

कॉलरचे कान भोकातून आत घाला, बाहेरची कड पत्र्याला टेकवा आणि आत हात घालून एकेक कान बाहेरच्या बाजूला पूर्ण दुमडा. समोरासमोरचे कान आधी, मग मधले. म्हणजे कॉलर तिरकी होत नाही. तीन-चार स्क्रू मारा आणि सांध्याभोवती मॅस्टिकचा जाड थर द्या.

पाइप लांबीला कापायचा तर शिवण मिटवण्याआधी कापा. उघडा, सपाट पत्रा कात्रीने सरळ कापता येतो; एकदा खटकन बंद झाला की गोल पाइप कापताना जीव मेटाकुटीला येतो. पाइपाच्या एका टोकाला चुण्या असतात. ते टोक ठेवा, साधं टोक कापा. जोडताना चुणीचं टोक हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे फर्नेसपासून दूर, पुढच्या पाइपात जायला हवं. उलटं जोडलं तर हवा प्रत्येक सांध्याच्या फटीत शिरते.

डँपर फाट्याजवळच बसवा, हाताला येईल असा. रजिस्टरजवळ बसवला तर बंद केल्यावर हवा शिट्टी घालते. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू, सारख्या अंतरावर. पाइपाला पट्टीने आधार द्या. नियमावलीत पत्र्याच्या डक्टला जास्तीत जास्त 10 फुटांवर आधार सांगितला आहे, मी म्हणेन 5-6 फुटांवर द्या, पाइप वाजत नाही.

लवचिक फ्लेक्स डक्ट वापरायचा मोह होईल. वाकड्यातिकड्या शेवटच्या दोन-चार फुटांसाठी तो ठीक. पण तो ताणून बसवावा लागतो आणि दर 4 फुटांवर आधार लागतो. घड्या पडलेला, झोळीसारखा लोंबणारा फ्लेक्स अर्धी हवा वाटेतच जिरवतो.

शेवटी बूट भिंतीच्या स्टडला (आतल्या उभ्या लाकडाला) पक्का करा, बुटाची कड आणि ड्रायवॉल यांच्यातली फट बंद करा, मग रजिस्टर लावा. ही फट बहुतेक जण विसरतात, आणि मग हवा खोलीऐवजी भिंतीच्या पोकळीत जाते.

सांध्यांसाठी कापडी डक्ट टेप वापरू नका. नावात डक्ट असलं तरी डक्टवर ती टिकत नाही. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने 1998 साली केलेल्या चाचण्यांत उष्णतेने सगळ्यांत लवकर सुटलेली टेप तीच होती. मॅस्टिक ब्रशने लावा, हात बरबटतात, पण काम कायमचं होतं.

चालू करून बघा

मॅस्टिक सुकल्यावर फर्नेस लावा. 15 मिनिटांनी प्रत्येक सांध्याभोवती उदबत्ती फिरवा, मग वॉटर हीटरची वर सांगितलेली तपासणी करा. नंतर तो वरच्या खोल्यांचा कागद काढा. एखाद्या खोलीचा झोत जाणवेल इतका मंदावला असेल तर नव्या व्हेंटचा डँपर थोडा मिटवा आणि पुन्हा बघा.

फर्नेसच्या पाटीवर तापमानवाढीची मर्यादा छापलेली असते, उदाहरणार्थ 35 ते 65 अंश. पुरवठ्याच्या डक्टमधलं तापमान उणे रिटर्नमधलं तापमान, हा फरक त्या मर्यादेत हवा. बाहेर गेला, तर पंख्याचा वेग बदलायला तंत्रज्ञ लागतो.

थर्मोस्टॅट वरच राहिल्यामुळे वसंत आणि शरद ऋतूत खालची खोली थोडी गार वाटेल, कारण फर्नेसच कमी वेळ चालते. थर्मोस्टॅटवर पंखा अधूनमधून फिरवायची सोय असेल तर तेव्हा ती वापरा. उन्हाळ्यात याच व्हेंटमधून एसीची हवा येते, आणि मुळातच गार असलेलं बेसमेंट आणखी गार होऊन दमटपणा वाढतो. म्हणून डँपरच्या हँडलशेजारी मार्करने दोन खुणा करा, एक हिवाळ्याची आणि एक उन्हाळ्याची, आणि एसी सुरू करायच्या दिवशी हँडल फिरवून ठेवा.